बर्नआउट, क्रांकनकासे आणि ग्रुप थेरपी: जर्मनीतल्या एका वर्षाचा हिशेब

जर्मनीत बर्नआउटसाठी ग्रुप थेरपी घ्यायला पैसे जवळजवळ लागत नाहीत. वेळ लागतो, आणि कागदांचा क्रम सांभाळायची ताकद लागते. नेमकी तीच त्या काळात संपलेली असते. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाण्यापासून त्याच वर्षाच्या अखेरीस गट संपेपर्यंत काय लागलं, कुठे अडलं आणि कोणत्या पत्राला किती दिवसांत उत्तर द्यायचं असतं, ते इथे ओळीने मांडलं आहे. हे सगळं सरकारी आरोग्यविम्याबद्दल आहे; तो चालवणारी संस्था म्हणजे क्रांकनकासे. खाजगी विमा असेल तर किती बैठका आणि किती टक्के, हे तुमच्या टॅरिफवर ठरतं. पहिल्या बैठकीआधीच कंपनीला लेखी विचारून ठेवा.

पहिली पायरी हाउसआर्ट्स्ट, म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर. तिथे "मला बर्नआउट झालंय" असं सांगण्यापेक्षा लक्षणं सांगितलेली बरी. पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, एकच मेल चारदा वाचावी लागणं, रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येणं, मुलांवर विनाकारण खेकसणं, आणि हे किती आठवड्यांपासून चाललंय ते. चिठ्ठीवर लिहून नेलं तर सोपं जातं, कारण समोर बसल्यावर अर्धं आठवत नाही आणि उरलेलं सांगायची लाज वाटते. डॉक्टर आधी रक्त तपासतात: हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, फेरिटिन, बी १२. थायरॉइड मंदावलं किंवा लोह कमी पडलं तरी माणूस असाच गळून जातो. शाकाहारी असाल तर बी १२ चा आग्रह धराच. 'ड' जीवनसत्त्वाच्या तपासणीचे पैसे बहुधा खिशातून जातात.

त्याच भेटीत किंवा पुढच्या भेटीत पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली येते. नऊ प्रश्न, ० ते २७ गुण. १० च्या पुढे गेलं की डॉक्टर नैराश्याच्या अंगाने खोलात विचारतात. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल असतो. तिथे खरं उत्तर द्या. 'कधी कधी' या खान्यात खूण केली म्हणजे लगेच दवाखान्यात ठेवून घेतात असं नाही. डॉक्टर पुढचे प्रश्न विचारतात, एवढंच. विचार टोकाला जात असतील तर कुठलीही रांग लावायची नाही: ११२, किंवा चोवीस तास मोफत चालणारी मदतवाहिनी टेलिफोनझेलसोर्ग, ०८०० १११ ० १११. मराठीत किंवा हिंदीत बोलावंसं वाटणाऱ्या भारतातल्या घरच्यांसाठी तिथे टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर आहे.

आजारपणाच्या दाखल्यावरच्या निदानाच्या कोडमुळे बरेच जण गोंधळतात. बर्नआउट हा इथल्या यादीत स्वतंत्र आजार नाही. झेड ७३ या कोडखाली तो येतो, पण तो जोडीला लावायचा कोड आहे; नुसत्या त्याच्यावर थेरपी मंजूर होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीतही बर्नआउट 'कामाशी निगडित घटना' म्हणूनच नोंदलेला आहे. म्हणून मुख्य निदान एफ ४३.२ (परिस्थितीशी जुळवून घेताना झालेला त्रास) किंवा एफ ३२ (नैराश्याचा टप्पा) असं लिहिलं जातं. ते वाचून दचकायला होतं. कंपनीला मात्र यातलं काहीच दिसत नाही.

आजारपणाचा दाखला २०२३ पासून इलेक्ट्रॉनिक झाला आहे. डॉक्टर तो क्रांकनकासेला पाठवतात आणि कंपनी तिथून फक्त तारखा उचलते. तुम्ही मॅनेजरला आणि एचआरला 'अमुक तारखेपर्यंत आजारी' इतकंच कळवायचं. कारण सांगणं बंधनकारक नाही. आपल्याकडच्या सवयीने सविस्तर मेल लिहावीशी वाटते. ती लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे, निदान पहिल्या महिन्यात तरी. पहिला दाखला साधारण एक-दोन आठवड्यांचा मिळतो, पुढचे लांबत जातात. दोन दाखल्यांमध्ये खंड पडू द्यायचा नाही. जुना संपल्यानंतरच्या पुढच्याच कामाच्या दिवशी, उशिरात उशिरा, नवा हवा. डॉक्टर सुट्टीवर असतील तर त्यांच्या जागी कोण बसतं ते दारावर लिहिलेलं असतं. आणि सायकोलॉजिस्ट असलेले थेरपिस्ट हा दाखला देऊ शकत नाहीत, औषधही लिहून देऊ शकत नाहीत. त्यामुळे थेरपी सुरू झाली तरी हाउसआर्ट्स्टकडच्या फेऱ्या चालूच राहतात.

पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते. सातव्या आठवड्यापासून क्रांकनकासेकडून क्रांकनगेल्ड सुरू होतं: ढोबळ पगाराच्या ७० टक्के, पण हातात येणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. यातला कमी आकडा धरतात, आणि त्यातून पेन्शन, बेकारी विमा आणि शुश्रूषा विम्याचा तुमचा वाटा कापतात. ढोबळ ५००० यूरो आणि हातात ३१५० असतील, तर ७० टक्के म्हणजे ३५०० आणि ९० टक्के म्हणजे २८३५. म्हणून २८३५, आणि कापाकापीनंतर साधारण २५००. आयटीतल्या मोठ्या पगारांना वरची मर्यादाही आहे. २०२४ मध्ये ती दिवसाला १२०.७५ यूरो होती. घराचा हप्ता इथलाही असेल आणि पुण्यातल्या फ्लॅटचाही, तर हा हिशेब पाचव्या आठवड्यातच मांडून बघा. क्रांकनगेल्ड एकाच आजारासाठी तीन वर्षांत जास्तीत जास्त ७८ आठवडे, पगाराचे सहा धरून. ब्लू कार्डवर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या परवान्यावर असणाऱ्यांना पहिली भीती व्हिसाची वाटते. हा पैसा तुमच्या वर्गणीवर मिळतो, ती सरकारी मदत धरत नाहीत. आणि आजारपणात नोकरीचा करार चालूच असतो.

आता थेरपीकडे जाणारी वाट. इथे थेट थेरपी सुरू होत नाही, आधी श्प्रेखश्टुंडं नावाची भेट घ्यावी लागते. निदान ५० मिनिटांची. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. ११६११७ या तारखा मिळवून देणाऱ्या सेवेला फोन केला किंवा त्यांच्या संकेतस्थळावर गेलं की चार आठवड्यांच्या आत तारीख मिळते. थेरपिस्ट आपल्याला निवडता येत नाही आणि ठिकाण शहराच्या दुसऱ्या टोकाला असू शकतं. तरी जावं. ही भेट निदानाची असते. याच व्यक्तीकडे थेरपी होईल असं नाही, बहुतेकदा होतच नाही. हे आधी माहीत नसलं की शेवटी "माझ्याकडे जागा नाही" ऐकून माणूस कोसळतो. जाताना विमा कार्ड, चालू औषधांची यादी आणि रक्ताचे रिपोर्ट न्या.

या भेटीतून एक कागद हातात पडतो, पीटीव्ही ११. त्यावर निदान असतं आणि पुढे काय हवं याच्या चौकटी असतात. थेरपिस्ट त्यावर खूण करत असतानाच विचारा, ग्रुप थेरपीची चौकट भरता येईल का. सगळ्या प्रक्रियेत वेळ वाचवणारी ही एकच जागा मला दिसली. एकट्याच्या थेरपीसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं, पण नवा गट जमवणारे थेरपिस्ट स्वतःच माणसं शोधत असतात. ग्रुप थेरपी म्हणजे एकट्याची मिळाली नाही म्हणून घ्यायची दुय्यम गोष्ट, असं समजणारे आपल्यात खूप आहेत. कामाच्या ताणासाठी तरी ते खरं नाही, कारण बर्नआउटची अर्धी गाठ माणसांशी वागण्यातच बसलेली असते.

त्यानंतर फोनचे आठवडे. सरकारी विम्याच्या रुग्णांसाठी पूर्णवेळ परवाना असलेल्या थेरपिस्टला आठवड्याला २०० मिनिटं फोनवर उपलब्ध राहावं लागतं आणि या वेळा जाहीर असतात. एरवी केलेला फोन आन्सरिंग मशीनवर जातो आणि तिथेच विरतो. एका कागदावर नाव, फोनची वेळ, तारीख आणि उत्तर असे रकाने पाडा. दिवसाला दोनच फोन. तिसऱ्याला आवाज थरथरतो. विचारायचे प्रश्न ठरलेले: ग्रुप थेरपी करता का, पुढचा गट कधी, कोणत्या वारी, पद्धत कोणती. वर्तनोपचार म्हणजे फेरहाल्टन्सथेरपी असेल तर ठरावीक विषय आणि घरचा अभ्यास असतो. मनाच्या खोलातल्या कारणांकडे बघणारी पद्धत, टीफनसायकोलोगिश, असेल तर विषय गटातूनच निघतो. नकारांचा हा कागद फेकू नका. वाजवी वेळेत जागा मिळालीच नाही, तर खाजगी थेरपिस्टचं बिल क्रांकनकासेने भरावं असा अर्ज करता येतो आणि तिथे हाच पुरावा लागतो. मंजुरी येण्याआधी तिथली थेरपी सुरू मात्र करायची नाही, नाहीतर पैसे मिळत नाहीत.

थांबण्याच्या काळात दोन गोष्टी उपयोगी पडल्या. क्रांकनकासेने मान्य केलेले ताण-नियंत्रणाचे वर्ग असतात, त्यांच्या फीचा मोठा भाग परत मिळतो. हजेरीचा कागद जपून ठेवावा लागतो. दुसरं म्हणजे डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनवर मिळणारी ॲप्स, डीगा. ती बहुधा ९० दिवसांची असतात आणि खर्च कासे उचलते. आणखी एक, खास आपल्या लोकांसाठी: क्रांकनगेल्ड चालू असताना भारतात जाऊन यायचं असेल तर तिकीट काढण्याआधी क्रांकनकासेची परवानगी लेखी घ्या. तिच्याशिवाय गेलात तर तेवढ्या दिवसांचं क्रांकनगेल्ड थांबतं. डॉक्टरांनी 'प्रवासाने प्रकृतीला फायदाच होईल' असं लिहून दिलं तर अर्जाला वजन येतं. आईकडे जाऊन आठ दिवस झोपणं हा फायदा नव्हे तर काय, पण ते लिहून लागतं.

एप्रिलमध्ये गट सापडला. आधी थेरपिस्टबरोबर चाचणीच्या बैठका होतात, प्रोबाटोरिश म्हणतात त्या, निदान दोन. यांत तुम्ही एकमेकांना पारखता, आणि तुम्हीही नाही म्हणू शकता. मग अर्ज: पीटीव्ही १ वर तुमची सही, पीटीव्ही २ थेरपिस्ट भरतात, आणि शारीरिक कारण नाही असं सांगणारा अहवाल डॉक्टरांकडून आणावा लागतो. तो आणायला उशीर होतो आणि सगळं तिथेच अडतं. चाचणीच्या पहिल्या बैठकीनंतर लगेच डॉक्टरांकडे फॉर्म टाका. अल्पमुदतीची थेरपी १२ अधिक १२ बैठकांची असते. क्रांकनकासेला तीन आठवड्यांत उत्तर द्यावं लागतं. आलं नाही तर मंजूर धरतात. अर्ज न करता सुरू होणाऱ्या चार प्राथमिक गटबैठकांचीही सोय आहे. बिचकणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी.

भाषेचं काय? दुभाष्याचा खर्च क्रांकनकासे देत नाही. इंग्रजीत एकट्याची थेरपी देणारे मोठ्या शहरांत सापडतात, इंग्रजी गट मात्र क्वचित. बी १ पातळीच्या जर्मनवर गटात बसणं जड जातं. बी २ असेल तर पहिल्या काही आठवड्यांत कान सरावतो, दक्षिणेकडची बोली सोडून. स्वतःबद्दलची आठ-दहा वाक्यं आधी लिहून पाठ करणं लाजिरवाणं नाही. भावनेचे शब्द जर्मन वर्गात शिकवत नाहीत; चिडचिड, अपराधी वाटणं, कोंडमारा यांसाठीचे जर्मन शब्द वहीत लिहून न्यावेत.

मे महिन्यात गट बसला. नियमाप्रमाणे एका थेरपिस्टमागे तीन ते नऊ जण, एक बैठक १०० मिनिटांची, आमची आठवड्यातून एकदा. मध्ये टेबल नाही, खुर्च्यांचं वर्तुळ. पहिली बैठक जवळजवळ नियमांतच जाते. गुप्ततेच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या होतात: घरी स्वतःचं सांगायचं, दुसऱ्याचं नाही, नाव न घेताही नाही. गैरहजेरीचा करार नीट वाचा. ऐनवेळी रद्द केलेल्या बैठकीचे पैसे थेरपिस्ट तुमच्याकडून मागू शकतात आणि क्रांकनकासे ते देत नाही. एकमेकांशी 'झी' म्हणत, म्हणजे अहो-जाहो बोलायचं की 'डू' म्हणत, म्हणजे अरे-तुरे, हेही गटच ठरवतो.

प्रत्येक बैठक एका फेरीने सुरू होते. प्रत्येकाला मिनिट-दोन मिनिटं: आज ० ते १० मध्ये कुठे, आठवड्यात काय घडलं, आज वेळ हवा आहे का. हा तिसरा प्रश्न महत्त्वाचा. बर्नआउटची माणसं 'नको, दुसऱ्यांना द्या' म्हणण्यात पटाईत असतात, आणि थेरपिस्ट ते नोंदवून ठेवतात.

सुरुवातीचे आठवडे मांडणीचे. कागदावर तीन रकाने: बाहेरून येणारा ताण, तो वाढवणारं माझ्या आतलं, आणि शरीराचं उत्तर. जोडीला आठवड्याची नोंदवही. जागेपणीच्या प्रत्येक दोन तासांना अधिक किंवा उणे. यात हमखास होणारी गडबड म्हणजे वही रविवारी रात्री एकदम भरणं. मग सगळंच उणे दिसतं, कारण रविवार रात्र उणेच असते. जागच्या जागी भरली तर वेगळं चित्र निघतं: मीटिंग स्वतः फारशी ओढत नाही, तिच्या आधीची अर्धा तास तयारी आणि नंतरची उजळणी ओढते.

मग जेकबसनची स्नायू शिथिलीकरणाची पद्धत. सोळा स्नायूगटांपासून सुरुवात. प्रत्येक गट पाच ते सात सेकंद आवळायचा, मग अर्धा मिनिट सोडायचा आणि फरक जाणवून घ्यायचा. सरावाने हेच सात गटांवर आणि शेवटी चारांवर येतं. चुका ठरलेल्या असतात. पूर्ण जोर लावून आवळलं की पोटरीत गोळा येतो. निम्मा जोर पुरे. आवळताना श्वास कोंडला तर छाती धडधडते. आणि हे पलंगावर पडून केलं तर झोप लागते. झोप ही चांगलीच गोष्ट, पण दुपारी ऑफिसात उपयोगी पडेल असं कौशल्य त्यातून येत नाही. बसून करा, दिवसातून दोनदा, ताण नसताना शिका.

सगळ्यांत जास्त काम आतल्या हुकमांवर झालं. मानसशास्त्रज्ञ ताईबी केलर यांनी मांडलेले पाच: अचूक कर, खंबीर राहा, घाई कर, सगळ्यांना खूश ठेव, झटत राहा. गटातले जर्मन यातले पहिले दोन पटकन ओळखतात. आपल्या माणसाला चौथा लागू असतो आणि त्याची मुळं ऑफिसात नसतात. गावाकडे पाठवायचे पैसे, भावाच्या लग्नाची जबाबदारी, 'तिकडे काय, मजेत असाल' हे दर रविवारी फोनवर ऐकणं. हे गटाला कसं सांगायचं? भारतीय कुटुंबपद्धतीवर व्याख्यान देऊ नये. समोरचे आदराने मान हलवतात आणि विषय तिथेच थिजतो. गेल्या रविवारी फोनवर काय बोलणं झालं आणि ठेवल्यावर मी काय केलं, इतकंच सांगावं. त्यावर बोलता येतं.

नकार देण्याचा सराव भूमिका घेऊन होतो. एक जण बॉस, एक जण तुम्ही, बाकीचे बघणारे. वाक्यं तीन: तुम्हाला काय हवंय ते कळलं, शुक्रवारपर्यंत ते होणार नाही, बुधवारी पहिला भाग देता येईल. बहुतेक जण दुसऱ्या वाक्यानंतर कारणं द्यायला लागतात आणि तिथेच हरतात, कारण प्रत्येक कारणावर बॉसकडे उपाय असतो. बघणाऱ्यांना सल्ला द्यायची मनाई असते. स्वतःला काय वाटलं तेवढं सांगायचं. ही मनाई पहिल्या महिन्यात फार जाचते. गप्प बसून ऐकताना लक्षात येतं की सल्ल्याची घाई आपल्याच अस्वस्थतेची होती.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास बरं वाटण्याऐवजी जास्त थकवा येऊ शकतो. बैठकीच्या संध्याकाळी दुसरं काही ठेवू नका. गटातलं कोणी फार बोलतं, कोणी मध्येच सोडून जातं. ते मनाला लागतं, आणि तेही पुढच्या फेरीत मांडायचं असतं. बाहेर, पार्किंगमध्ये नव्हे.

याच सुमारास क्रांकनकासेचं पत्र आलं की धडधड वाढते. पत्र दोन प्रकारचं असतं. एक, वैद्यकीय तपासणी यंत्रणेसाठी माहिती मागणारं. त्याला मुदतीत उत्तर द्यावं, उत्तरात थेरपी चालू असल्याचं लिहावं. दुसरं, पुनर्वसनाचा अर्ज करा असं सांगणारं. त्याला दहा आठवड्यांची मुदत असते आणि ती चुकवली तर क्रांकनगेल्ड थांबू शकतं. असं पुनर्वसन साधारण पाच आठवड्यांचं, निवासी, दिवसाला १० यूरो भरून. तिथेही मुख्य काम गटातच चालतं. क्लिनिक कोणतं हवं ते अर्जात सुचवता येतं. फोनवर क्रांकनकासेची माणसं गोड बोलून माहिती काढतात असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. 'लेखी विचारा, लेखी उत्तर देईन' हे वाक्य जर्मनमध्ये पाठ करा.

कामावर परतणं जुलैपासून टप्प्याटप्प्याने. मुस्टर २० या फॉर्मवर डॉक्टर वेळापत्रक लिहितात, कंपनी आणि क्रांकनकासे संमती देतात. दोन आठवडे रोज तीन तास, दोन आठवडे चार, दोन आठवडे सहा, असा साधारण आराखडा. या काळात कायद्याने तुम्ही आजारीच असता, पैसे क्रांकनगेल्डचेच मिळतात. त्यामुळे जादा तास नाहीत, डेडलाइन नाही. तीन तास झाले की लॅपटॉप मिटायचा. टीमला हे कळत नाही, म्हणून कॅलेंडरमध्ये ठळक ब्लॉक टाकावा. बारा महिन्यांत सहा आठवड्यांहून जास्त आजारी असलेल्यांना कंपनीने कामावरच्या परतीबद्दल बोलायच्या बेम नावाच्या बैठकीचं निमंत्रण द्यायचं असतं. जाणं ऐच्छिक. जायचं असेल तर निदान नव्हे, कामातले बदल मांडायचे: ऑन-कॉल किती, मीटिंगशिवायचे तास कोणते, गटाच्या दिवशी किती वाजता निघणार.

गट मात्र सोडू नये. पहिल्या १२ बैठका संपता संपता पुढच्या १२ चा अर्ज टाकावा लागतो आणि नेमकं तेव्हाच 'आता बरंय की' असं वाटत असतं. कामावर परतल्यावरच्या बैठका जास्त कामाच्या ठरतात, कारण आता सरावाला खरा बॉस असतो. शेवटच्या बैठकांत प्रत्येकाने एक पान तयार केलं: सुरुवातीच्या तीन खुणा, त्या दिसल्यावर करायच्या दोन गोष्टी, आणि खुणा आधी कुणाच्या लक्षात येतात त्या माणसाचं नाव. ते पान त्या माणसाला दाखवायचंही असतं.

दोन हिशेब नंतर राहतात. कामाची क्षमता गेल्यास पैसे देणारा विमा, बेरूफ्सउनफेइग्काइट, काढायचा विचार असेल तर अर्जात मानसोपचारांबद्दल प्रश्न असतोच. लपवलं तर पुढे दावा फेटाळला जातो, म्हणून अर्जाआधी स्वतंत्र सल्लागारातर्फे नाव न देता चौकशी करावी. आणि कर. क्रांकनगेल्डवर कर नाही, पण बाकीच्या पगाराचा दर त्यामुळे वाढतो. वर्षात ४१० यूरोंपेक्षा जास्त मिळालं असेल तर विवरणपत्र भरणं सक्तीचं होतं. २०२४ साठी स्वतः भरणाऱ्यांची शेवटची तारीख ३१ जुलै २०२५ होती. वरून भरायची रक्कम बऱ्यापैकी येऊ शकते, तेव्हा क्रांकनगेल्ड सुरू झालं त्याच महिन्यापासून थोडे पैसे बाजूला टाकत जा.